खर्जातली मूर्खलक्षणं

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात, पहिल्याच समासात, मूर्खांची लक्षणं सांगितली. तेवढ्याने भागेना म्हणून त्याच दशकाच्या दहाव्या समासात पढतमूर्खांची वेगळी यादी दिली. या दोन याद्यांत बहुतेक जग येऊन जातं. एक जमात मात्र राहून गेली: गाण्याचा खालचा सूर धरणाऱ्यांची. बेस गिटार वाजवणारे, डग्ग्यातून घुमारा काढणारे, ढोलकीची धूम सांभाळणारे, ऑर्गनवर डाव्या हाताने खर्ज धरून बसणारे. व्यवहारी हिशेबाने पाहिलं तर हे सगळे मूर्ख ठरतात. त्यांचं मूर्खपण इतकं निर्भेळ आहे, की त्याचं रीतसर गुणगान व्हायला हवं. गायकांवर आपल्याकडे भरभरून लिहिलं गेलं, तबल्याच्या घराण्यांवर लिहिलं गेलं. खर्जातल्या मूर्खांच्या वाट्याला फार थोडी शाई आली. म्हणून ही नवी लक्षणं.

हे मूर्ख मुंबईच्या स्टुडिओत भेटतात, गोव्यात भेटतात, अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्येही होते. पण त्यांचं दर्शन घ्यायचं तर गोंदिया जिल्ह्यासारखी जागा नाही. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा धानाचा, तळ्यांचा आणि नाटकाचा आहे. भाऊबीज झाली की गावोगाव मंडईची जत्रा भरू लागते, पुढे शंकरपटाच्या बैलशर्यती रंगतात आणि रात्री झाडीपट्टीचं नाटक लागतं. गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूर अशा चार जिल्ह्यांवर पसरलेल्या या रंगभूमीची पेठ म्हणजे वडसा, कागदोपत्री देसाईगंज. नाटक कंपन्यांची कार्यालयं तिथे आहेत. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारी गाडी अर्जुनी मोरगाव ओलांडून तिथे पोचते. दिवाळीपासून होळीपर्यंत हंगाम असतो. प्रयोग रात्री सुरू होतो आणि तांबडं फुटेपर्यंत चालतो. 2023 मध्ये या रंगभूमीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा उरलेल्या महाराष्ट्राला या रात्रींची थोडीफार खबर लागली.

नाटक म्हटलं की गाणी आली, लावणी आली, आणि त्या सगळ्याला खालून धरणारं कोणीतरी आलं. हे कोणीतरी रंगमंचाच्या पुढ्यात, प्रकाशझोताच्या खाली बसतं. हातात बेस गिटार घेतलेला माणूस इथे विरळा. ते काम ऑर्गनवाल्याचा किंवा कीबोर्डवाल्याचा डावा हात करतो, तबल्याचा डग्गा करतो, ऑक्टोपॅडवरची किक करते. वाद्य कोणतंही असो, लक्षणं तीच.

लक्षण पहिलं: कोणाला ऐकू जात नाही ते वाजवणे

शहाणा माणूस लोकांच्या कानावर पडेल असं काहीतरी करतो. तो गातो, बासरी वाजवतो, गिटारच्या वरच्या तारांवर बोटं पळवतो. आपला मूर्ख नेमका उलट धंदा निवडतो. बेस गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला साधारण 41 कंपनं होतात. माणसाचा कान 20 च्या खाली काही ऐकत नाही. म्हणजे हा गृहस्थ ऐकू येण्याच्या सीमेवर जाऊन बिऱ्हाड करतो. त्या स्वराच्या एका लहरीची लांबी आठ मीटरांहून जास्त, जवळजवळ सत्तावीस फूट. गावातल्या रंगमंचावर नायक-नायिका आणि खलनायक मावतील, ही एक लहर मावेलच असं नाही.

पुढे हेच गाणं मोबाइलवर वाजतं. मोबाइलचा स्पीकर नखाएवढा. एवढा खालचा स्वर त्याच्या आवाक्यातच नसतो. तरीही ऐकणाऱ्याला बेस ऐकू आल्यासारखा वाटतो, कारण त्या स्वराच्या 82, 123, 164 अशा चढत जाणाऱ्या उपस्वरांपैकी वरचे स्पीकरमधून थोडेफार निसटतात. त्यांच्यातलं अंतर दर वेळी 41 चं आहे हे मेंदू ओळखतो आणि नसलेला मूलस्वर स्वतःच उभा करतो. ध्वनिशास्त्रात याला गहाळ मूलस्वर म्हणतात. प्रत्यक्षात हवेत नसताना लोकांच्या डोक्यात वाजत राहणं, हे भाग्य वरच्या पट्टीतल्या किती शहाण्यांच्या वाट्याला येतं?

याची दुसरी बाजू मंडईच्या रात्री कळते. कापणी झालेल्या बांध्यांमधून, म्हणजे धानाच्या खाचरांमधून, धुऱ्यांच्या बांधांवरून अंधारात चालत नाटकाला निघालं की गाव दिसायच्या आधी नाटक ऐकू येतं. पहिल्यांदा काय पोचतं? नायिकेचा आवाज पोचत नाही, ऑर्गनच्या वरच्या पट्ट्या पोचत नाहीत, संवाद तर नाहीच नाही. पहिल्यांदा पोचतो तो खालचा ठोका. बारीक स्वर हवेत लवकर विरतात, झाडाला, भिंतीला, धानाच्या पुंजण्याला अडतात. जाड स्वर वळसा घालून पुढे येतो. पाय त्याच्या अंदाजाने पडू लागतात आणि मगच दिवे दिसतात. रंगमंचासमोर बसलेल्याला ज्याचं भान नसतं, त्यानेच लांबच्या माणसाला वाट दाखवलेली असते. हे त्याला कोणी सांगायला जात नाही. तोही विचारत नाही. लक्षण पूर्ण झालं.

लक्षण दुसरं: वाद्याची अतोनात सेवा करणे

दोन गायक भेटले की तिसऱ्याबद्दल बोलतात. दोन खर्जवाले भेटले की वाद्याबद्दल बोलतात. त्यांच्या गप्पा ऐकाव्यात. कातडं कुठलं, मसाला कोणी भरला, तार कधी बदलली, बदलायची तरी कशाला. भजनी पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावणारा हात पाहिला आहे का कधी? गव्हाचं पीठ पाण्यात मळून त्याचा गोळा कातड्याच्या मधोमध थापायचा. बोटाने कड दाबायची, थाप मारायची, कान लावायचा. आवाज वर वाटला तर चिमूटभर वाढवायची, फार खाली गेला तर चिमूटभर काढायची. भजन रंगतं तशी कणीक सुकत जाते, मग मध्येच ओलं बोट फिरवायचं. भजन संपलं की सगळी खरवडून काढायची, कारण ती वाळून बसली तर कातडं खराब होतं. उद्या पुन्हा नवी कणीक. भाताच्या मुलखात गव्हाचं पीठ आणून ते खायचं सोडून रोज चामड्याला लावणारा माणूस शेजाऱ्याला मूर्ख वाटणारच. आणि त्या गोळ्याखेरीज पखवाज नुसता टणटणतो, हेही तितकंच खरं.

गोंदियाच्या हिवाळ्यात ही सेवा आणखी वाढते. विदर्भात सगळ्यात कमी तापमान कुठे, याच्या बातमीत गोंदियाचं नाव वारंवार असतं. मध्यरात्रीनंतर दव पडतं आणि कातडं सैल होतं. खडी गंमत या लोकनाट्याचा डफवाला दोन प्रवेशांच्या मध्ये शेकोटीशी जाऊन डफ तापवून आणतो. तबलजी हातोडी काढून गठ्ठे ठोकतो. त्यांचं बोलणं एवढंच असतं.

“काहून गा भाऊ, आज घुमत नाही थो?”

“दव पडलं ना बा. कातडं वलं झालं.”

“मंग जरा शेकून आन. लावनी लागन आता.”

समोर शेकडो माणसं गोधड्या पांघरून बसलेली असतात. डग्गा अर्धा स्वर उतरला हे त्यांच्यातल्या किती जणांना कळेल? या दोघांना कळतं, आणि तेवढ्यासाठी ते शेकोटीपर्यंत जातात.

आता याच मूर्खाचा डेट्रॉइटमधला भाऊबंद. जेम्स जेमरसन हा मोटाउन कंपनीच्या स्टुडिओत बसणारा बेसवादक. लिओ फेंडर यांच्या कंपनीने 1951 मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला: चार तारा आणि तारेची वाजती लांबी 34 इंच. त्याआधी खालचा स्वर हवा असेल तर माणसापेक्षा उंच डबल बेस पाठीवर घेऊन फिरावं लागे. जेमरसनकडे 1962 चा प्रिसिजन बेस होता. उजव्या हाताच्या एकाच बोटाने, तर्जनीने, तो वाजवायचा. तार तुटल्याशिवाय बदलायची नाही हा त्याचा नेम होता. तारेवर साचलेल्या मळातच नाद आहे, अशी त्याची श्रद्धा. जगात कुठेही दोन बेसवाले एकत्र आले की जुन्या तारा बऱ्या की नव्या, हा वाद अजूनही पहाटेपर्यंत चालतो. कातडं शेकणारा आपला तबलजी आणि मळक्या तारा जपणारा जेमरसन यांना समोरासमोर बसवलं असतं, तर दुभाष्याची गरज पडली नसती.

लक्षण तिसरं: नाव नसताना राबणे

झाडीपट्टीच्या नाटकाचं हँडबिल पाहावं. नायक-नायिकांचे रंगीत फोटो, नर्तिकेचा त्याहून मोठा. वादकांची नावं छापली तर तळाशी, बारीक टाइपात. खर्जवाल्याचं वेगळं नाव येण्याचा प्रश्नच नाही. तो ऑर्गनवाल्याच्या डाव्या हातात राहतो, आणि डाव्या हाताचं नाव कोण छापणार?

हा मान गोंदियापुरता नाही. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात कित्येक दशकं हेच चाललं. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमधून नोटेशन शिकून आलेले वादक मुंबईच्या वाद्यवृंदांत भरले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारख्या अरेंजरांनी गाण्यांचे सांगाडे उभे केले. रेकॉर्डिंगच्या दिवशी वादक यायचे, पुढ्यातला कागद वाचायचे, टेक व्हायचा, पाकीट मिळायचं, आणि बहुतेकांचं नाव तिथेच संपायचं. रेकॉर्डच्या वेष्टनावर गायक, गीतकार, संगीतकार. राहुल देव बर्मन यांच्या गाण्यांत बेस गिटार वाजवणाऱ्या टोनी वाझ यांचं काम आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकलं आहे. लग्नाच्या वरातीत त्या सुरावटींवर आपण नाचलोही आहोत. नाव किती जणांना ठाऊक आहे? वादकांच्या या जगाची नीट नोंद व्हायला ग्रेगरी बूथ या परदेशी अभ्यासकाला मुंबईत येऊन मुलाखती घ्याव्या लागल्या. त्यांचं पुस्तक 2008 मध्ये आलं.

जेमरसनची गत वेगळी नव्हती. साठच्या दशकात मोटाउनच्या असंख्य गाजलेल्या गाण्यांत त्याचा बेस होता आणि वेष्टनावर तो नव्हता. 1971 मध्ये मार्विन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या अल्बमवर अखेर वादकांची नावं आली. 1983 मध्ये, वयाच्या 47 व्या वर्षी, जेमरसन गेला. 2000 साली त्याला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. म्हणजे आधी काम, मग मृत्यू, मग सन्मान. क्रमाने सगळं मिळालं.

आणि कॅरल के यांची गोष्ट तर मूर्खलक्षणाचा कळसच. मुळात त्या गिटारवादक. 1963 मध्ये लॉस एंजेलिसच्या एका रेकॉर्डिंगला बेसवाला आलाच नाही, म्हणून त्यांनी बेस हातात घेतला. पुढे त्यांनी वाजवलेल्या रेकॉर्डिंगचा अंदाज दहा हजारांच्या घरात सांगतात. 2025 मध्ये त्याच हॉल ऑफ फेमने त्यांचं नाव जाहीर केलं, तेव्हा नव्वदीच्या या बाईंनी नकार कळवला. स्टुडिओतलं काम सगळ्यांनी मिळून केलेलं असतं आणि असा सन्मान ते नीट दाखवत नाही, असं त्यांचं म्हणणं. दारात आलेला हार परत पाठवणं शहाण्याला जमत नाही. त्यासाठी आयुष्यभर खर्जात राहिलेलं असावं लागतं.

लक्षण चौथं: आपल्यावरचे विनोद आपणच सांगणे

प्रत्येक जमातीवर दुसरे लोक विनोद करतात. बेसवाल्यांवरचे विनोद बेसवालेच करतात, तेच जपतात आणि तेच पुढच्या पिढीला देतात. नवशिक्या आला की त्याला आधी तार कशी जुळवायची ते सांगतात आणि लगेच हे तीन विनोद सांगतात.

पहिला. एक प्रवासी जंगलातल्या गावात मुक्कामाला जातो. दूरवर ढोल वाजत असतात. दिवसभर वाजतात, रात्रभर वाजतात. तो घाबरून वाटाड्याला विचारतो, काही धोका तर नाही ना? वाटाड्या म्हणतो, ढोल वाजतायत तोवर चिंता नाही. थांबले की वाईट. अचानक ढोल थांबतात. वाटाड्याचा चेहरा पांढराफटक पडतो. आता काय होणार? तो म्हणतो, आता बेसवाला एकटा वाजवणार.

दुसरा. नवरा-बायकोचा अबोला महिनोन् महिने चाललेला. समुपदेशक थकतो. शेवटी कोपऱ्यातला बेस उचलून वाजवायला बसतो, आणि दोघं धडाधड बोलायला लागतात. बेस एकटा वाजू लागला की मैफलीत सगळेच बोलतात.

तिसरा. बल्ब बदलायला किती बेसवाले लागतात? एकही नाही. कीबोर्डवाला डाव्या हाताने बदलतो.

या विनोदांकडे नीट पाहा. पहिल्यात बेसवाला संकट आहे, दुसऱ्यात तो गप्पांचं निमित्त आहे, तिसऱ्यात तो नाहीच. आपली किंमत अशी टप्प्याटप्प्याने शून्यावर आणून मोकळेपणाने हसणारा माणूस आपल्या सार्वजनिक जीवनात दुसरा दाखवावा. आमदार असा विनोद सांगत नाही, गायक सांगत नाही, संपादकही सांगत नाही. ज्याला सगळ्यांच्या खाली बसण्याची सवय आहे त्याला पडण्याची भीती नसते, त्यामुळे त्याच्या विनोदाला विष चढत नाही.

तिसरा विनोद गोंदियात तर विनोद उरतच नाही. तिथे खर्ज खरोखरच डाव्या हाताकडे आहे. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात, मंडईच्या नाटकात, गणपतीच्या मंडपात कीबोर्डवाला उजव्या हाताने सुरावट वाजवतो, टाळ्या घेतो. डावा हात खाली चार पट्ट्यांवर मुकाट्याने फिरत राहतो. त्याच माणसाचा एक हात शहाणा, दुसरा मूर्ख. उजवा चुकला तर लोक क्षणभर चमकतात आणि पुढे ऐकतात. डावा चुकला तर गायिका पट्टी सोडते, नाचणारीचा पाय अडखळतो आणि काय बिघडलं हे कोणालाच सांगता येत नाही.

या मूर्खाला घालवून यंत्र बसवण्याचाही प्रयत्न झाला. जपानच्या रोलंड कंपनीने 1981 मध्ये टीबी-303 नावाचं छोटं यंत्र काढलं. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी, माणूस बोलवायची गरज पडू नये, हा हेतू. यंत्रातून बेस काही निघेना. निघाला तो चिवचिवणारा, वळवळणारा भलताच आवाज. तीनेक वर्षांत उत्पादन बंद झालं. मुंबईत सिनेमासाठी वादन करणाऱ्या चरणजित सिंग यांनी मात्र ते यंत्र घेऊन 1982 मध्ये डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले आणि त्यांची ध्वनिमुद्रिका निघाली. तेव्हा ती कोणाच्या खिजगणतीत नव्हती. पुढे 1987 मध्ये शिकागोच्या तरुणांनी त्याच यंत्रातून नाचाच्या संगीताचा एक नवा प्रकार काढला. 2010 मध्ये चरणजितजींची मुद्रिका पुन्हा निघाली, तेव्हा जगभरच्या जाणकारांनी डोळे विस्फारले. यंत्र थोर ठरलं. ज्या कामासाठी बनवलं होतं ते मात्र त्याला कधीच जमलं नाही. माणसाच्या मूर्खपणाची नक्कल इतकी सोपी नाही.

लक्षण पाचवं: येत असून कमी वाजवणे

हे लक्षण सगळ्यात गाढ. बोटांत ताकद आहे, तालीम आहे, दहा मात्रांची जागा मोकळी पडली आहे, आणि हा एकच ठोका देऊन थांबतो. उरलेली जागा तशीच सोडतो. ती जागा गायिकेला श्वासासाठी लागते, नटाला पाऊल टाकायला लागते, प्रेक्षकाला हुंदका गिळायला लागते. डग्ग्यावर मनगटाची टाच किंचित पुढे सरकवली की स्वर वर चढतो, सैल सोडली की खाली येतो. एवढ्याशा हालचालीत अख्ख्या प्रवेशाचा भाव बदलता येतो. चांगला तबलजी ती हालचाल रात्रभरात मोजक्याच वेळा करतो. बाप मुलीची पाठवणी करतो त्या प्रवेशात करतो आणि पुन्हा साध्या ठेक्यावर येतो. त्याला विचारलं तर म्हणेल, एवढंच पायजे होतं.

खालच्या सुराची निवड बहुधा कोणी हौसेने करत नाही. बीटल्समध्ये बेस वाजवणाऱ्या स्टुअर्ट सटक्लिफने 1961 साली बँड सोडला तेव्हा बेस घ्यायला कोणी तयार नव्हतं. पॉल मॅकार्टनीच्या गळ्यात तो पडला. पडला तो पडला, त्याने त्यातून गाण्याखाली दुसरं गाणं वाजवता येतं हे जगाला दाखवलं. मुंबईच्या मोहिनी डे हिची गोष्ट वेगळी. वडील सुजय डे बेसवादक, त्यांनी लहानपणीच मुलीच्या हाती बेस दिला. आज ती देशोदेशीच्या मोठ्या वादकांबरोबर वाजवते. मूर्खपणा असा घरातून चालत आला तर काय होतं, याचं हे उदाहरण. एका पिढीने केलेला अव्यवहारीपणा दुसऱ्या पिढीत विद्या होतो.

शहाण्यांचा आक्षेप

शहाणे म्हणतील, हे सगळं कौतुक ठीक आहे, पण पोट कसं भरायचं? हंगाम चार-पाच महिन्यांचा. उरलेल्या दिवसांत धानाची शेती, तेंदूपानांची तोडाई, राइस मिलमधली हमाली, नाहीतर बाहेरगावची मजुरी. पाकीट वाटताना खर्जवाल्याचा हात शेवटी पुढे होतो, कारण मागणं त्याच्या स्वभावात नाही. एवढं सोसून खालचा सूर धरण्यात काय अर्थ?

याचं उत्तर धानाच्या बांधीकडे आहे. धुऱ्याला लोंबी लागत नाही. धानाचा भाव ठरवताना धुऱ्याचा कोणी हिशेब धरत नाही. तो फुटला की मात्र बांधीतलं पाणी एका रात्रीत निघून जातं आणि उभं पीक आडवं होतं. खर्ज म्हणजे गाण्याचा धुरा. ज्या समाजात सगळेच वरच्या पट्टीत गातात, तिथे कोणाचंच गाणं साचत नाही. तिथे आवाज असतात, आणि ते एकमेकांवर आपटतात. आपल्या गावातल्या सभांपासून टीव्हीवरच्या चर्चांपर्यंत सगळीकडे हे दिसतं. खाली बसून पट्टी धरायला कोणी तयार नाही. तयार असणाऱ्याला आपण मूर्ख म्हणतो, आणि मग सगळं बेसूर का झालं म्हणून हळहळतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. हा मूर्खपणा टिकला पाहिजे, आणि तो केवळ कौतुकाने टिकणार नाही. नाटक कंपन्यांनी हँडबिलावर प्रत्येक वादकाचं नाव, वाद्यासह, वाचता येईल एवढ्या टाइपात छापावं. मंडईच्या आयोजकांनी वादकांचं पाकीट प्रयोग सुरू होण्याआधी द्यावं. शाळेच्या बँडमधला मोठा ढोल ज्या पोराच्या गळ्यात मास्तर अडकवतात, त्याला शिक्षा झाली असं घरच्यांनी समजू नये. गाणं शिकवणाऱ्यांनी पहिल्या वर्षी मुलाला खर्ज भरायला लावावं आणि दुसऱ्याच्या गाण्याखाली तो धरून बसायलाही शिकवावं.

आणि तुम्ही, वाचकहो, येत्या भाऊबीजेनंतर गोंदिया, गोरेगाव, सालेकसा, आमगाव किंवा अर्जुनी मोरगावच्या एखाद्या गावात नाटकाला बसाल. लावणी रंगेल, बक्षिसाची नोट हातात येईल आणि माइकवर नाव पुकारलं जाईल. त्या वेळी नोट नर्तिकेला जरूर द्या. दुसरी नोट काढा आणि ती डग्गेवाल्याला म्हणून सांगा. नाव मोठ्याने पुकारायला लावा. त्याला बहुधा अवघडल्यासारखं होईल. तरी द्या.